टिचकीची डोलकाठी

एक होती खाडी. खाडीकाठी उंडीचं झाड. झाडाच्या मुळाशी एक बीळ. बिळात कोण कोण? एक होता उंदीर, एक होती उंदरीण, आणि एक त्यांची इवलीशी लेक.

उंदराचं नाव रंधोबा. उंदरिणीचं नाव कणीबाई. आणि लेकीचं नाव टिचकी.

रंधोबाला एक नाद होता. लाकडाची गलबतं करायचा नाद. केवढी गलबतं? तुझ्या तळहाताएवढी! त्यात बसायचं? छे गं बाई. नुसती करायची आणि फळीवर मांडायची.

दिवसभर घरात आवाज. शिंपलीनं लाकूड तासायचं, खर खर खर. काठी उभी करायची, टक टक टक. शीड बांधून फुंकर मारायची, फुर्रर्र!

कणीबाई म्हणायची, "अहो, दाणे ठेवायला जागा नाही घरात. आणि हे तुमचं सातवं गलबत!"

म्हणायची, पण शिडाला टीप तीच घालायची.

या घरात एक नियम होता. दात लावायचा नाही! लाकडाला दात लावायचा नाही. दोऱ्याला दात लावायचा नाही. कापडाला दात लावायचा नाही. नाहीतर गलबतं उरतील का?

सगळी खाडी हसायची. "उंदीर म्हणे, आणि कुरतडत नाहीत!"

टिचकीनं तर जन्मात काही कुरतडलं नव्हतं. भात खायची. तोही मऊ.

बाकी सगळं छान होतं. एकच दुःख. पाऊस आला की बीळ गळायचं. टप! कणीबाईच्या नाकावर. टप! टिचकीच्या शेपटीवर. टप! फळीवरच्या गलबतात.

"एक करवंटी हवी हो छपराला," कणीबाई म्हणायची.

पण करवंट्या जातात माणसांच्या चुलीत. उंदराला कोण देणार?

मग आली नारळी पौर्णिमा. माणसं नारळ घेऊन समुद्रावर गेली. प्राणी जमले खाडीवर. तिथं कासवआजी बसली होती. तिच्यापुढं एक नारळ. अख्खा! दरसाल ठेवायची ती.

कासवआजी म्हणाली, "ज्याचं गलबत शीड उभारून आधी पलीकडं लागेल, त्याचा हा नारळ. माडाची सावली या दगडाला टेकली, की गलबतं सुटणार. मग मी कुणासाठी थांबायची नाही!"

रंधोबानं गलबत घेतलं डोक्यावर. कणीबाईनं शीड घेतलं खांद्यावर. टिचकीनं घेतली डोलकाठी. डोलकाठी म्हणजे कुठली गं? गलबताच्या मधोमध उभी असते ती. तिलाच शीड बांधतात.

"दातात नको हं धरू!" रंधोबा म्हणाला.

"नाही बाबा," टिचकी म्हणाली. तिनं काठी धरली बगलेत. उंदराची बगल ती केवढी! काठी निसटली.

टुणुक टुणुक टुणुक... गडप!

कुठं गेली? खेकड्याच्या बिळात गेली.

बेडूक आपलं गलबत घेऊन उभाच होता. शेजारी मुंगूसही आपलं गलबत घेऊन उभं होतं. तो म्हणाला, "काठीशिवाय गलबत? त्याला पाट म्हणतात, पाट! बसा त्यावर जेवायला. डराव डराव!"

रंधोबाचे कान पडले. कणीबाईनं आभाळाकडं पाहिलं. काळा ढग येत होता. आता पुन्हा टप टप टप!

टिचकी म्हणाली, "बाबा, मी पाडली. मीच आणते."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

बिळाच्या तोंडाशी खेकडा बसला होता. डोळे मिटून.

"खेकडेदादा, खेकडेदादा, जरा हल ना!"

"का गं?"

"काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

खेकडा म्हणाला, "वाळू कशी तापलीय बघ. मी नाही हलायचा. लाट येईल तर हलेन. जा, लाटेला सांग."

गेली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

लाट काठाशी लोळत होती. चुबुक चुबुक.

"लाटबाई, लाटबाई, वर या ना!"

"का गं?"

"खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

लाट म्हणाली, "एवढं चढायचं? माझी कंबर दुखते. मी नाही यायची. वारा ढकलेल तर येईन. जा, वाऱ्याला सांग."

गेली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

वारा निजला होता. कुठं? ठेंगण्या माडाच्या झावळीत. घूं घूं घोरत होता.

"वारेबुवा, वारेबुवा, उठा ना!"

"का गं?"

"लाट येईना,
खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

वारा म्हणाला, "आत्ता तर डोळा लागला होता. मी नाही उठायचा. माड डोलेल तर उठेन. जा, माडाला सांग." आणि कूस बदलून पुन्हा घूं घूं.

टिचकी माडाच्या बुंध्याशी आली. तुरुतुरु तुरुतुरु.

"माडआजोबा, माडआजोबा, डोला ना!"

"का गं?"

"वारा उठेना,
लाट येईना,
खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

माड म्हणाला, "कसा डोलू बाळा? या वेलीनं मला बघ कसं आवळलंय. खोकायचीसुद्धा चोरी! मी नाही डोलायचा. वेल सुटेल तर डोलेन. जा, वेलीला सांग."

टिचकीनं दगडाकडं पाहिलं. सावली सरकत होती. हळूहळू, हळूहळू.

धावली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

"वेलताई, वेलताई, सूट ना!"

"का गं?"

"माड डोलेना,
वारा उठेना,
लाट येईना,
खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

वेल म्हणाली, "अगं, गुंडाळायचं ते माहीत मला. सुटायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही! मी नाही सुटायची. शेळी ओढेल तर सुटेन. जा, शेळीला सांग."

धावली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

शेळी खुंटाला बांधलेली होती. मान लांब करून वेलीकडं बघत होती. लाळ गळत होती.

"शेळीमावशी, शेळीमावशी, ये ना!"

"का गं?"

"वेल सुटेना,
माड डोलेना,
वारा उठेना,
लाट येईना,
खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! सकाळपासून त्या पानांकडं बघतेय मी. पण गळ्यात दोर आहे ना! मी नाही यायची. दोर तुटेल तर येईन. सांग त्याला."

टिचकी दोराकडं वळली. सुंभाचा दोर. जाडजूड, खरखरीत.

"दोरमामा, दोरमामा, तुटा ना!"

"का गं?"

"शेळी येईना,
वेल सुटेना,
माड डोलेना,
वारा उठेना,
लाट येईना,
खेकडा हलेना,
काठी निघेना,
बाबांचं गलबत पाण्यात जाईना!"

दोर म्हणाला, "मी अस्सल काथ्याचा. ओढून तुटत नाही, भिजून तुटत नाही. मी नाही तुटायचा. उंदीर दात लावील तर तुटेन. जा, उंदराला सांग."

निघाली टिचकी उंदराला शोधायला! तुरुतुरु इकडं, तुरुतुरु तिकडं. खुंटाभोवती दोन चकरा मारल्या.

शेळी म्हणाली, "अगं ए! काय शोधतेस?"

"उंदीर शोधते, मावशी."

"आणि तू कोण?"

"मी टिचकी."

"टिचकी म्हणजे कुणाची?"

"रंधोबांची लेक."

"आणि रंधोबा कोण?"

"उंदीर."

"मग तू कोण?"

टिचकी थांबली. तिनं शेपटीकडं पाहिलं. मिशांना हात लावून पाहिला.

"अगंबाई! मी उंदीर!"

शेळी हसून हसून बेंऽऽ बेंऽऽ करायला लागली.

"पण मावशी, आमच्यात दोऱ्याला दात लावत नाहीत. बाबा रागावतील."

"ते घरातल्या दोऱ्याला गं! हा तर माझ्या गळ्यातला."

टिचकीनं दगडाकडं पाहिलं. सावली आली, आली, बोटभर राहिली.

टिचकीनं डोळे मिटले. तोंड उघडलं. कुर्र.

"थू थू! कसला खरखरीत!"

पुन्हा कुर्र कुर्र. पुन्हा कुर्र कुर्र कुर्र. दोर म्हणाला, "अरे वा, दात आहेत की!" कुर्र कुर्र कुर्र कुर्र... तट्ट!

दोर तुटला,
शेळी आली, टणाटण टणाटण!
वेल सुटली, सर्रर्र सर्रर्र!
माड डोलला, झुलूक झुलूक!
वारा उठला, सूं सूं सूं!
लाट आली, धब्ब!
खेकडा हलला, तिरका तिरका तिरका!
बिळात शिरलं पाणी, बुडबुड बुडबुड,
आणि तरंगत तरंगत काठी निघाली वर!

टिचकीनं काठी उचलली. बगलेत धरली का? नाही. दातात धरली. घट्ट! आणि धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

"बाबा, ही घ्या!"

रंधोबानं काठी गलबताच्या भोकात घातली. जाईना! दाबली. जाईना! काठी पाणी पिऊन फुगली होती. आणि तासायची शिंपली राहिली होती घरी.

बेडूक म्हणाला, "पाट, पाट! डराव!"

रंधोबानं टिचकीकडं पाहिलं. टिचकीच्या दातात काहीतरी लोंबत होतं.

"टिचके, दातात काय आहे?"

"काथ्या, बाबा."

"दोराला दात लावलास?"

टिचकी खाली बघत म्हणाली, "लावला."

रंधोबानं मिशी खाजवली. एकदा खाजवली. दोनदा खाजवली.

मग म्हणाला, "आता या काठीलाही लाव. पण थोडाच हं! आणि चहूकडून सारखा."

कुर्र इकडून, कुर्र तिकडून. काठीचं टोक झालं गोल गोल. भोकात घातली. टक! बसली घट्ट. कणीबाईनं शीड चढवलं. फुर्रर्र!

आणि सावली टेकली दगडाला.

"सोडा गलबतं!" कासवआजी ओरडली.

बेडकाचं सुटलं. मुंगसाचं सुटलं. रंधोबाचं सुटलं. वारा तर आता चांगला जागा झाला होता. आला, सूं सूं सूं!

मुंगसाची काठी कलली, फतक!
बेडकाची काठी पडली, डुबुक!
आणि टिचकीची काठी? पाणी प्यालेली, घट्ट बसलेली.
हलेना, डुलेना, पडेना!

सळसळ सळसळ गेलं गलबत. लागलं पलीकडं!

आणि बेडूक? त्याचं गलबत पाटासारखं तरंगत होतं ना! तो त्यावर जाऊन बसला.

कासवआजी म्हणाली, "रंधोबा, घे बाबा नारळ तुझा."

नारळ सोलायला सगळे आले. शेळीमावशीनं वरची काथ्याची किशी ओढली. खेकडेदादानं नांगी मारली. फटाक! झाली दोन शकलं. पाणी प्याले सगळे, बेडूकसुद्धा. खोबरं कुरतडलं तिघांनी. रंधोबानं, कणीबाईनं, टिचकीनं. कुर्र कुर्र कुर्र! तिघांनी मिळून पहिल्यांदाच! रंधोबा म्हणाला, "छान लागतं की गं हे!"

एक करवंटी गेली छपरावर. दुसरी रंधोबानं घासूनपुसून पाण्यात सोडली. हे त्याचं आठवं गलबत. आणि बसता येईल असं पहिलंच! टिचकी बसली, कणीबाई बसली, रंधोबा बसला. कणीबाई म्हणाली, "आता करा हो हवी तेवढी गलबतं!"

आणि मग आला पाऊस. आभाळ फुटल्यासारखा! बाहेर ताड ताड ताड. करवंटीवर तडतड तडतड.

आणि बिळात?

कणीबाईनं नाक पुढं केलं. कोरडं.
टिचकीनं शेपटी पुढं केली. कोरडी.
रंधोबानं फळीवरच्या सगळ्या गलबतांत बोट घालून पाहिलं. कोरडी, कोरडी, कोरडी!