पाचवे पान

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता, बोलणे मोजके होते आणि औषधे त्याहून मोजकी. रोगी आला की त्याने काय खावे हे ते आधी सांगत. त्यानंतरही आजार उरलाच, तर पुडी बांधून देत. गाव त्यांना वैद्यबुवा म्हणे. त्यांच्यापाशी नरहर नावाचा एक शिष्य शिकत होता. शिष्य म्हटले की शेंडीला गाठ मारून पाठांतर करणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो, तसा हा नव्हता. चांगला तिशीचा, संसारी गृहस्थ होता. दिवसभर गुरूंच्या ओसरीवर मुळ्या कुटाव्या, काढे आटवावे, रोग्यांची विचारपूस करावी आणि त्याबद्दल गुरूंनी दिलेला शिधा घरी न्यावा: थोडी ज्वारी, मूठभर तांदूळ, थोडे मूग, कधी कुळीथ, कधी गुळाचा खडा.

एवढ्याशा शिध्यात नरहरचे घर चालत असे, आणि नुसते चालत नसे तर शास्त्राला धरून चालत असे. याचा त्याला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो अगदीच पोकळ नव्हता. परसात त्याने शेवगा लावला होता, तांदुळजा आणि अंबाडी पेरली होती. मूग मोड आणून शिजवायचे, वरणात शेवग्याचा पाला घालून ते दाट करायचे, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायच्या, जवस भाजून चटणी करायची, हे सगळे त्याने घरात बसवून दिले होते. ज्याला जे मानवेल ते त्याच्या पानात पडावे, याकडेही त्याचे लक्ष असे. वडिलांचे दात गेलेले, म्हणून त्यांना मऊ भात. आईला वाताचा त्रास, म्हणून तिला लसणीची चटणी. मुलगी वाढीची, म्हणून तिला वाटीभर दूध. आणि दिवसभर खलबत्त्यापुढे बसणारा म्हणून स्वतःला दीड भाकरी.

एकदा एक धान्याचा व्यापारी पोट धरून वैद्यबुवांकडे आला. कोठारे भरलेली, पण खाल्लेले अंगी लागत नव्हते. नरहरने त्याला तुपासाखरेवरून भाकरी-ताकावर आणले आणि वर दोन शब्द ऐकवलेही. "शेटजी, अन्नाला पैसा लागत नाही, अक्कल लागते," तो म्हणाला. "माझ्या घरचा शिधा तुमच्या एका पोत्याच्या तळाशी मावेल. पण आमच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठत नाही." व्यापारी मान हलवत गेला. वैद्यबुवा आत औषध वाटत बसले होते. त्यांनी ते ऐकले आणि वाटणे चालू ठेवले.

पुढे चैत्रात नरहरची बायको सगुणा दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगा झाला. घर आनंदले, पण बाळंतपणातून सगुणा काही सावरेना. चेहरा पांढुरका पडला. जात्यावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि ती भिंतीला हात लावून उभी राही. पुढे पुढे तिच्या अंगावरचे दूध आटू लागले. तान्हे मूल घडीभर चोखे, सोडून देई आणि रडू लागे. नरहर घाबरला. त्याच वर्षी कुंभारवाड्यातली एक बाळंतीण अशीच सुकत सुकत गेलेली त्याने पाहिली होती, आणि तिच्यामागे तिचे मूलही राहिले नव्हते. शिकलेली सगळी विद्या त्याने पणाला लावली. पण सगुणेची तब्येत दिवसेंदिवस खालावतच गेली. शेवटी तो गुरूंपुढे हात जोडून उभा राहिला.

"गुरुजी, नाडी फार क्षीण लागते. शतावरी झाली, लोहभस्म झालं. कशाचा गुण नाही. आता तुम्हीच येऊन पाहा."

"जेवते का ती?" वैद्यबुवांनी विचारले.

"हो, पोटभर. मी रोज विचारतो ना तिला."

"विचारतोस. कधी पाहिलंस?"

नरहरला प्रश्नच कळला नाही. जेवणात पाहायचे ते काय? वैद्यबुवांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. ते म्हणाले, "उद्या दुपारी जेवणाच्या वेळेला येतो. स्वयंपाक रोजचाच असू दे. माझ्यासाठी चिमूटभर पीठ जास्त मळायला लावलंस, तर दारातूनच परत फिरेन."

गुरू घरी येणार आणि स्वयंपाक रोजचाच करायचा, हे नरहरच्या आईला मुळीच रुचले नाही. पण वैद्यबुवांचा शब्द मोडण्याची छाती गावात कुणाची नव्हती. दुसऱ्या दिवशी ते आले, पाय धुऊन आत आले आणि मांडलेल्या पानांकडे पाहून म्हणाले, "माझं पान उचला. मी जेवून आलोय."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. जेवणाच्या वेळेला यायचे आणि जेवून यायचे, ही काय तऱ्हा? म्हाताऱ्याला वयाने भूल तर पडली नाही ना, असेही नरहरच्या मनात येऊन गेले. गुरूविषयी असा विचार आला म्हणून त्याने लगेच मनातल्या मनात कान धरले.

"आता घरच्यांची पानं मांडा," वैद्यबुवा म्हणाले. "पाच."

"आधी आम्ही चौघं बसतो," नरहरची आई म्हणाली. "सूनबाई वाढते, ती मागाहून बसते."

"आज ती बसेल. मी वाढतो."

"अहो, पाहुण्यानं वाढायचं आणि सुनेनं सासऱ्यासमोर बसून जेवायचं, ही कुठली रीत?"

"रीत नाही, औषध आहे," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "औषध घेताना कुणी रीत विचारत नाही."

सगुणा स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. नरहरने गुरूंकडे पाहिले आणि मग तिला बसण्याची खूण केली. ती पाटाच्या अगदी कडेला टेकली, जणू कुणी हाक मारली की लगेच उठता यावे. सासरे घसा खाकरून भिंतीकडे पाहू लागले.

वैद्यबुवांनी पदार्थ एकेक करून बाहेर आणले आणि वाढायला घेतले, तेही सगुणेपासून. तिच्या पानात दीड भाकरी, वाटीभर मुगाचे वरण, अंबाडीची भाजी, चटणी, ताकाचा पेला. "एवढं नको हो मला," ती पुटपुटली. वैद्यबुवांनी ते कानाआड केले. मग मुलीला वाढले, मग नरहरच्या आईला, मग वडिलांना. ज्याला जेवढे रोज लागे, तेवढे. हात कुठे आखडला नाही. सर्वांत शेवटी ते नरहरपाशी आले. टोपलीत भाकरीचा एक चतकोर उरला होता, कडेला करपलेला. तो त्यांनी वाढला. भाजीच्या कढईत अंबाडीचे चार देठ होते, ते वाढले. वरणाच्या पातेल्यात थोडे पाणी घातले, पातेले हलवले आणि ते पाणी वाटीत ओतले. ताक संपले होते. ताकाच्या पेल्यात त्यांनी साधे पाणी भरून ठेवले आणि रिकामी टोपली पालथी घातली.

नरहर वाट पाहत राहिला. मग त्याला वाटले, गुरू विसरले. "गुरुजी, बाकीच्या भाकरी?"

"संपल्या."

नरहरने बायकोकडे पाहिले. त्याला भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाच्या आवाजाला थोडी धार येतेच. "आज कमी भाजल्यास का?"

"नाही," सगुणा पानाकडे पाहत म्हणाली. "रोजच्याएवढ्याच आहेत."

मुलगी तेवढी जेवत होती. सगुणेने आपल्या पानातली न मोडलेली भाकरी उचलली आणि नवऱ्याच्या पानाकडे हात नेला. वैद्यबुवांनी तिला थांबवले. "हात मागे घे, पोरी. ते तुझं आहे."

मग ते नरहरसमोर खाली बसले.

"नरहर, आज या घरात एक दाणाही कमी शिजलेला नाही. जे कमी पडतं ते रोजच पडतं. रोज ते आत चुलीपाशी पडायचं, आज तुझ्या पानात पडलं, एवढाच फरक. तू घरात जे बसवलंस ते चांगलं आहे. भाजी चांगली, कण्या चांगल्या, त्यात मी काही बदलणार नाही. पण ते चौघांपुरतं आहे. पाचव्या माणसाला उपाशी ठेवून ते पुरं पडत होतं. तुला हे ठाऊक नव्हतं, हे मला मान्य आहे. तिनं सांगितलं नाही, कारण तू तिला विचारत होतास ते स्वतः पोटभर जेवून उठल्यावर. तेव्हा टोपलीत काही नसायचं. नाही म्हणून तिनं करायचं काय?"

नरहरने वळून सगुणेकडे पाहिले. "रोज एवढंच?"

"भाजी असते कधी कधी जास्त," ती घाईने म्हणाली, जणू चूक तिचीच सापडली होती. "आणि भांडं घासायच्या आधी पुसून घेते मी. वर पाणी पिते. भागतं."

नरहरला आपण दिलेल्या शतावरीच्या पुड्या आठवल्या. रिकाम्या पोटावर तो तिला औषधे घालत होता आणि गुण का येत नाही म्हणून ग्रंथ उलटीत होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, जशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. डोळ्यांतले पाणी लपवायला त्याने खाली पाहिले, तर समोर तोच चतकोर.

तेवढ्यात त्याची आई बोलली. तिचा आवाज इतका हळू होता की प्रथम कुणाला कळलेच नाही, कोण बोलते आहे. "मला दिसत होतं हो. मी काही आंधळी नाही. पण मीही या घरात अशीच जेवले, हा पोटात होता तेव्हासुद्धा. मला वाटायचं, हे असंच असतं." नरहरच्या वडिलांनी भिंतीवरची नजर काढून बायकोकडे पाहिले. त्यांचा घास हातातच राहिला.

नरहर गुरूंना सोडायला अंगणापर्यंत आला. तिथे थांबून म्हणाला, "गुरुजी, शिधा थोडा..."

"उद्यापासून वाढवतो. बाळंतिणीच्या वाट्याचा. पण तो आजच्या आधी वाढवला असता तर चार पानं मोठी झाली असती आणि पाचवं तेवढंच राहिलं असतं. आधी पान मांडायला शिका, मग त्यात काय पडतं ते बघू."

"आणि नाडी? ती पाहायची राहिली."

"काय पाहायची? तिला भूक लागलीये. ते मला काल तुझ्या बोलण्यातच कळलं होतं." असे म्हणून वैद्यबुवा काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पाच पाने मांडली जाऊ लागली. हे ऐकायला सोपे वाटते. करणाऱ्यांना तसे गेले नाही. सासरे बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून जेवत. सगुणेला त्यांच्यासमोर घास उतरत नसे, आणि ती सारखी वाढायला उठू पाही. वाढलेला शिधा आला तरी तो पाचव्या पानाला पुरता पडत नव्हता, त्यामुळे नरहरला आता दीडाऐवजी सव्वा भाकरीवर उठावे लागे. दुपारी खलबत्त्यापुढे त्याच्या पोटात कावळे ओरडत, आणि मग त्याला समजे की सगुणा जात्यापाशी भिंत का धरत होती. तो परसात जाऊन शेवग्याचा पाला जास्त तोडून आणी. कण्या जास्त शिजू लागल्या, पिठले वरचेवर होऊ लागले. घरात आलेले अन्न पुरते की नाही हे ज्याला जाणायचे असेल, त्याने शेवटी जेवणाऱ्याच्या पानात पाहावे, हे तो पुढे आयुष्यभर रोग्यांना सांगत असे. गाजावाजा न करता सांगत असे.

हळूहळू सगुणेच्या नखांवर लाली आली. जात्यावरून उठताना तिचा हात भिंतीकडे जाईनासा झाला. मूल आता पोट भरेपर्यंत पिऊन झोपू लागले.

पावसाळा सरता सरता एका दुपारी सगळे जेवत होते. कुळथाचे पिठले त्या दिवशी विशेष जमले होते. सगुणेचे पान संपले. ती क्षणभर थांबली आणि खाली पाहतच म्हणाली, "मला आणखी थोडी भाकरी हवी होती."

नरहरचा हात थांबला. लग्न होऊन ती या घरात आल्याला बरीच वर्षे झाली होती, आणि तिने स्वतःच्या पानात काही मागितल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याने टोपलीत पाहिले. टोपली रिकामी होती. तो काही बोलणार, तोच त्याच्या आईने आपले पान बाजूला सारले आणि हात धुऊन ती उठली. चूल अजून गरम होती. तिने उद्याच्या पिठातले मूठभर पीठ काढले आणि भाकरी थापायला घेतली. ती भाजून येईपर्यंत पंगतीतून कुणी उठले नाही.