उरलेली एक गाठ

एका टेकडीवरच्या विद्यापीठात एकदा एक वृद्ध आचार्य गणित शिकवीत असत. त्यांची एक खोड साऱ्या विभागाला तोंडपाठ होती. पाहुण्या विद्वानाचे व्याख्यान संपले, टाळ्या झाल्या, चहाची किटली दाराशी आली, की हे हात वर करीत आणि सौम्यपणे विचारीत, "आपण अडलात कुठे?" विद्वान चपापत. जे साधले ते सांगायला माणूस रात्रभर आगगाडीत अवघडून येतो. अडले ते सांगायला कशाला कोण येईल? बहुतेक जण हसून वेळ मारून नेत, आणि तरुण प्राध्यापक एकमेकांना कोपराने ढोसत.

या आचार्यांची एक शिष्या होती. तिचा विषय होता गाठी. दोरीला गाठ मारावी आणि मग तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकावीत. आता ती गाठ दोरी न कापता सुटेल का, आणि दिसायला निराळे असलेले दोन गुंते मुळात एकच तर नाहीत ना, हे गणिताने ठरवायचे. शिष्या वर्षानुवर्षे त्यातच राहिली. झोपेतही तिला गाठी दिसत. पाण्यात सोडल्यासारख्या त्या सावकाश उलगडत जात, आणि डोळा उघडला की पुन्हा आवळलेल्या असत. अखेर गाठींच्या एका मोठ्या कुळाची तिने वर्गवारी लावली आणि प्रबंधाला नाव दिले 'संपूर्ण वर्गीकरण'.

एक गाठ मात्र कुठल्याच वर्गात बसेना. प्रबंध देण्याची मुदत तर येऊन ठेपली. तेव्हा तिने गणितज्ञांची जुनी, सभ्य पळवाट धरली. "उर्वरित प्रकार याच रीतीने सिद्ध होतात," असे एक वाक्य लिहिले आणि ती गाठ त्याच्याखाली झाकून टाकली. या वाक्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. परीक्षकही थांबले नाहीत.

मौखिक परीक्षेचा दिवस उजाडला. वैशाखातली दुपार होती. उघड्या खिडक्यांतून सावरीचा कापूस तरंगत आत येत होता आणि खडूच्या धुळीत मिसळून सावकाश बाकांवर उतरत होता. शिष्या फार सुंदर बोलली. बाहेरगावचे परीक्षक प्रसन्न दिसत होते. निर्णय आजच्या आज झाला तर एका नामांकित संस्थेत ती रुजू होणार होती. लांबला तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. शेवटच्या बाकावर तिची आई, अक्षरही न कळता, कौतुकाने डोळे पुसत होती. अध्यक्ष समारोपाला उठणार, इतक्यात आचार्यांनी हात वर केला.

सगळे अवाक झाले. रीत अशी, की या दिवशी मार्गदर्शकाने आपल्याच विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा नसतो. त्याने फक्त मान डोलवायची असते.

"अडलीस कुठे?" आचार्यांनी विचारले.

शिष्येच्या मुठीतला खडू घामाने ओला झाला. तिला त्यांचा भयंकर राग आला. "कुठेच नाही, सर," एवढे म्हटले असते तरी भागले असते, आणि तिच्या ओठांवर ते आलेही होते. पण त्या गाठीच्या संगतीत ती इतके दिवस झोपली-जागली होती. त्या गाठीला 'नाहीच' म्हणणे तिच्याच्याने होईना.

"एक गाठ बसत नाही, सर," ती म्हणाली. "मी संपूर्ण म्हटलंय, ते खरं नाही." आणि तिने ती फळ्यावर काढली.

मग परीक्षक चष्मा सावरत उठले आणि फळ्याशी आले. "हा वळसा खालून घेतला तर?"

"घेऊन पाहिला. मग वर दुसरा तयार होतो."

"अरेच्चा!"

मागून कोणीतरी म्हणाले, "आरशात दिसते तशी उलटी गाठ घेऊन बघा की." एका तरुण प्राध्यापकाने गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढली आणि तिचाच गुंता करायला घेतला. बघता बघता फळ्याभोवती गर्दी जमली. चहा निवला. कापूस डोक्यांवर उतरत राहिला, तो झटकायचे भान कोणालाच नव्हते.

शिष्या व्हरांड्यात आली. आचार्य कठड्याला टेकून उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं, सर?"

"गाठ माहीत नव्हती. पण त्या वाक्यापाशी आलीस की भरभर बोलायचीस. दर सरावात."

"मग मला एकटीला विचारायचं होतंत! आता माझी नोकरी जाईल."

"जाईलही," आचार्य म्हणाले. "मलाही त्याचीच धास्ती आहे. पण एकांतात विचारलं असतं, तर आपण दोघांनी मिळून ते वाक्य आणखी सुबक केलं असतं. माझा मोह मला ठाऊक आहे." आतल्या गर्दीकडे हात करून ते म्हणाले, "अगं, जे सिद्ध झालं तिथं माणसं टाळ्या वाजवतात आणि चहा पिऊन घरी जातात. त्यांना तिथं करण्यासारखं काही उरतच नाही. जिथं आपण अडलो, तिथं मात्र ती थांबतात. तू ती गाठ झाकलीस आणि तिच्यापाशी एकटीच बसून राहिलीस. ते मला बघवेना."

शिष्येचा राग कुठे गेला ते तिलाही कळले नाही.

आत अध्यक्ष कागद हातात धरून मोठ्याने वाचत होते: शीर्षकातील 'संपूर्ण' हा शब्द वगळावा, ते वाक्य बदलून अनुत्तरित गाठीचा स्पष्ट उल्लेख करावा, एवढ्या दुरुस्तीसह पदवी प्रदान करण्यास हरकत नाही. "अभिनंदन, डॉक्टर!" त्यांनी मान वर करून पाहिले. शेवटच्या बाकावरची आई सोडली तर कोणाचेच लक्ष नव्हते.

"अहो, इकडे या लवकर!" परीक्षकांनी फळ्यापाशी उभ्या उभ्याच हाक मारली. शिष्या धावत आत गेली. लोकांनी सरकून तिला जागा करून दिली. गुंता सुटू पाहत होता, आणि दोरी धरायला त्यांना आणखी एक हात हवा होता.