आधी दगड, मग पाणी

फार वर्षांपूर्वी, किनाऱ्याला अजून रस्ते नव्हते आणि सगळा माल पाण्यावरून जायचा, तेव्हा आगरखोलचं बंदर भरभराटीत होतं. दूरदूरची गलबतं खाडीत येत आणि इथले नारळ, सुपारी, मीठ भरून जात. रिकामं गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या पोटात दगड भरलेले असत. माल चढवायची वेळ आली की खलाशी ते दगड खुशाल खाडीत लोटून देत. समुद्राला दगड काय जड, असं त्यांचं म्हणणं.

होता होता खाडीचं तोंड बुजत आलं. दगडांना गाळ अडला, गाळाला वाळू अडली. गलबतं बाहेरच नांगर टाकू लागली, काही तर परस्पर दुसऱ्या बंदराला जाऊ लागली. गावाने ठरवलं, खाडी रुसली. नारळ वाहिले, कोंबडे कापले. खाडी जशीच्या तशी.

धक्क्याजवळ मथी खारवीण राहायची. तिचा नवरा इठू गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. बंदरातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर तिच्या परसात होती. एकदा ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या वेचताना तिच्या पायाला दगडच दगड लागले, पांढरे, निळे, आपल्या तांबड्या जांभ्याशी काही नातं नसलेले. तिने गावाला सांगितलं, खाडी रुसलीबिसली नाही, आपणच तिच्या घशात दगड कोंबलेत. लोक हसले. पण बंदर बसलं तर इठू परमुलखातच राहील, या भीतीने मथीचा जीव कासावीस झाला होता.

मग तिने विहिरीची वाट अडवली. खाडीतला दगड उपसून धक्क्यावर ठेवायचा, तरच पाणी. खलाशी चिडले, बडबडले, आणि शेवटी चिखलात उतरले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे त्याने मथीचे धरले.

अशात इठू परतला. गलबत बाहेर ठेवून तो होडीतून आला, तो रिकाम्या हातांनीच. त्याच्या मागे सगळं बंदर मजा बघायला आलं.

"पाणी दे गो, नरडं सुकलंय," तो म्हणाला.

मथीने कळशी कमरेवर घट्ट धरली. इतक्या महिन्यांनी दिसलेला नवरा. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण हात हलला नाही.

"दगड ठेव नि पी. तुला फुकट पाजलं तर उद्या दुसऱ्याला कंच्या तोंडानं अडवू?"

इठू हसला, धोतर खोचलं आणि खाडीत उतरला. त्याच्या मागोमाग बघे उतरले, बायका उतरल्या, म्हातारेकोतारेही उतरले.

त्या दिवशी विहिरीचं पाणी काठापर्यंत चढून आलं, असं म्हणतात. पुढच्या उधाणात उरलेले दगड नारळांसारखे तरंगत आले आणि धक्क्यावर एकावर एक बसले, असंही म्हणतात. खरंखोटं खाडी जाणे. पण इठूचं गलबत भरल्या भरतीला थेट मथीच्या दारासमोर लागलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आजही आगरखोलात लग्न लागलं की नवरी कळशी घेऊन विहिरीपाशी उभी राहते आणि नवरदेव, मग तो कितीही मोठा साहेब असो, बूट काढून खाडीत उतरतो. कुणी कुरकुरलाच, तर म्हाताऱ्या त्याला विचारतात, "इठूपेक्षा जास्त तहान लागलीय का रं?" आणि नवरी हसू दाबत कळशी घट्ट धरते.