गडावरचं जातं

एक होतं राज्य, आणि त्याच्या मधून वाहायची नदी. अलीकडचे लोक आपलं काम आपण करायचे. पलीकडे गडावर राहायचे सरदार. ते माणसं विकत घ्यायचे बरं का, आपण भाजी घेतो तशी! जात्याला किंवा चुलीला हात लावणाऱ्या सरदाराची पगडी उतरवायची, असा त्यांचा रिवाज. हसू नका, मोठी माणसं होती ती.

दळायला गुलाम बाया. त्यातलीच एक येसू. तिला एक लेक होती तुमच्याएवढीच, नाव तान्ही. मुकादम रोज पहाटे पोरीला पायानं ढोसून उठवायचा आणि जात्यावर बसवायचा.

मग राजानं सांगितलं, "माणसं विकणं बंद." सरदार चिडले. त्यांनी गडाचे दरवाजे लावले, वेगळं निशाण चढवलं. झाली लढाई सुरू, आपल्याच माणसांत. राजाचं सैन्य तीनदा गडावर गेलं आणि तीनदा मार खाऊन आलं.

तेवढ्यात येसूच्या सरदारानं ठरवलं, येत्या बाजारी तान्हीला विकायची. येसू पाण्याला म्हणून नदीवर आली आणि पोहत अलीकडे गेली. राजाच्या सेनापतीनं तिला परत पाठवलं. ज्याचा गुलाम त्याला द्यायचा, असा जुना करार होता ना! दुसऱ्यांदा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती थेट राजापुढे उभी राहिली.

"महाराज, मी दळते ते खाऊन ते तुमच्याशी लढतात. आणि तुम्ही मलाच परत धाडता? मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

राजा खाली बघायला लागला. बघेल नाही तर काय!

मग त्यानं नदीकाठी दवंडी पिटवली, "गडावरचे सगळे गुलाम आजपासून मोकळे. कुणालाही परत पाठवणार नाही." पाणी भरणाऱ्या बायांनी ती ऐकली आणि घागरींबरोबर वर नेली.

मग कुणी दळेना, कुणी रांधेना. गडावरची जाती थांबली. चुली विझल्या. कोठारं भरलेली, पण भाकरी कुठाय? सरदारांनी जात्याकडे बघितलं, पगडीला हात लावून बघितला, आणि कच्ची ज्वारी चावत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं दरवाजा उघडला.

राजाच्या सैन्याच्याही पुढे येसू आत धावली. तान्ही जात्यापाशीच बसलेली! येसूनं तिला पोटाशी धरलं आणि रडून घेतलं. मग मूठभर ज्वारी दळून लेकीला भाकरी करून घातली. एक सरदार हळूच म्हणाला, "आम्हाला?"

"जातं आहे की तिथं," येसू म्हणाली.

पुढे सगळे सुखानं राहिले, सरदारसुद्धा. दळायला शिकले.

त्या रात्री तान्ही आईला बिलगून झोपली. पहाट झाली, ऊन वर आलं, पण तिला उठवायला कुणीही आलं नाही. तुम्हालाही उद्या कुणी उठवणार नाही. मिटा डोळे.