सगुणाबाईचं कथील

केवळगिरी महाराजांचा मुक्काम नांदरखेडच्या माळावर होता, त्या वर्षीची ही गोष्ट. गावच्या शिवालयासाठी मणभर वजनाची घंटा ओतायची ठरली होती. सगळं तांबं व्यंकटराव देशमुखांनी दिलं, आणि ते दिल्याचं सांगून सांगून गावाचे कान किटवले.

घंटा ओतायच्या दिवशी सकाळी सगुणाबाई पदराआड कथिलाचा गोळा घेऊन भट्टीपाशी आली. तिचा नवरा भांड्यांना कल्हई करायचा. मरताना एवढंच बोलला होता, "हे देवाच्या कामी लाव." दोन वर्षं तिने पोटाला चिमटा घेतला, पण गोळ्याला हात लावला नाही.

"माझ्या शुद्ध तांब्यात हे हीण कालवतेस?" देशमुख गरजले. "खरकट्या भांड्यांना फासायची वस्तू ही!"

भागोजी ओतारी हात जोडून म्हणाला, "मालक, कथिलावाचून तांबं लवकर वितळत नाही. नादही धरत नाही."

"तू आपलं काम कर. मला अक्कल शिकवू नकोस."

लोक फिदीफिदी हसले. सगुणाबाई गोळा पदराआड घेऊन कुंपणाशी जाऊन बसली.

दुपार झाली. भाते ओढून ओढून माणसं घामाने निथळली, कोळशाचा ढीग संपला. पण मुशीतलं तांबं काही केल्या पातळ होईना. कडेने मऊ पडलं, मधले गठ्ठे तसेच! इकडे तापवून ठेवलेला मातीचा साचा निवायला लागला. गार साच्यात रस ओतला की घंटा तडकलीच म्हणायची. देशमुखांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"हिच्या पायगुणानं झालं हे! घंटा बिघडली तर या बाईनं गावात राहायचं नाही."

सगुणाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. एकटी बाई, जाणार कुठे बिचारी? तिने डोळे मिटून महाराजांचा धावा केला. आणि काय सांगावं! डोळे उघडते तो महाराज समोर उभे.

महाराज म्हणाले, "भागोजी, कथील किती लागेल?"

"आठ शेर, महाराज. हे जेमतेम दोन शेर भरेल. आणि आता कोळसाही उरला नाही."

महाराजांनी गोळ्यावर तळहात ठेवला. "बाई, तुझ्या हातानं टाक."

गोळा मुशीत पडला. आता तुम्ही म्हणाल, कथील मिसळलं की तांबं कमी आचेवर वितळतं, हे ओताऱ्याला ठाऊकच होतं. होतंच हो! पण दोन शेरांत? तेही विझत्या विस्तवावर? भागोजीने सळई घातली, ती सरळ तळाला गेली. गठ्ठे पार विरघळले होते. रस एका धारेने साच्यात उतरला.

तिसऱ्या दिवशी साचा फोडला. घंटेवर चरा नव्हता. महाराजांनी पहिला टोल सगुणाबाईला द्यायला लावला. नाद माळ ओलांडून पार नदीपलीकडे गेला, आणि तिला हुंदका आवरेना.

देशमुख महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले.

"व्यंकटा, ज्याला हीण म्हणून हिणवलंस, त्यानंच तुझं तांबं देवापर्यंत पोचवलं. माफी मागायची तर तिची माग."

देशमुखांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि सगळ्या गावादेखत सगुणाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, चुकलो," एवढंच त्यांना बोलवलं.