दाखवल्यावर बघू नये

“पण बुवा, मी नुसतं बघितलं. हात कुठे लावला?”

शार्दूल केळुसकर पुन्हा तेच म्हणाला. पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. इस्पितळातले एक्स-रे साठवणाऱ्या डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, त्याने लिहिला होता. उद्या तो प्रोग्रॅम इस्पितळात बसवायचा, आणि आज सकाळी चाचणीत एकाच्या छातीत दुसऱ्याच्या बरगड्या उमटल्या.

दाजीबुवांचीही उमर ड्रायव्हर लिहिण्यात गेलेली. आता ते खाडीकाठच्या रवळनाथाची पूजा करत, म्हणून शार्दूल त्यांना गाठायला देवळात आला होता.

“डिस्कला जागा कशी दाखवतोस?”

“मेमरीतला एक कप्पा बफर म्हणून तिला मॅप करून देतो. ती थेट तिथे लिहिते. भरला की बफर परत माझ्याकडे.”

“आणि मधल्या वेळात?”

“डोकावतो. कितपत भरला ते कळतं. वेळ वाचतो.” हे सांगताना स्वारी भलती खुशीत होती.

बुवांनी दुपारच्या नैवेद्याचं पान त्याच्या हातात दिलं.

“चल, दाखव.”

शार्दूलने पान देवापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग एक डोळा हळूच उघडला. जित्याची खोड, दुसरं काय.

“काय बघतोस?”

“मुंगी चढत्ये का...”

“दाखवल्यावर पान कुणाचं?”

“देवाचं.”

“मग?”

शार्दूलला चूक कळली आणि त्याचा चेहरा उतरला. प्रोसेसर एकदा बघितलेलं जवळ जपून ठेवतो. पुन्हा विचारलं की मेमरीपर्यंत जातच नाही, तेच जुनं पुढे करतो. शार्दूलने बफर भरण्याआधी डोकावलं तेव्हा त्यात आधीच्या रोग्याचं चित्र होतं, आणि प्रोसेसरने नंतरही त्याच बरगड्या पुढे केल्या.

तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याने डोकावण्याची ओळ पुसली. बफर परत हाती आल्यावरच वाचायचं, असं लिहिलं आणि ऑफिसातल्या यंत्रावर सगळे एक्स-रे पुन्हा चाचणीला लावले.

चाचणी संपली तेव्हा हा डोळे गच्च मिटून बसलेला.

“तुम्हीच बघा, बुवा. मला भीती वाटत्ये.”

बुवांनी चष्मा चढवला. एकेक चित्र सावकाश पाहिलं.

“ज्याच्या बरगड्या त्याच्याच छातीत आहेत.”

शार्दूलने एवढा मोठा श्वास सोडला की समईची ज्योत हलली. इतकं हायसं त्याला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. डोळे मात्र अजून मिटलेलेच.

“आता... बघू का?”

बुवांनी देवापुढचं पान उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

“बघ की. आता प्रसाद आहे.”