मुंगीचं कणीस आणि कुरुम कुरुम अळी

कौसामावशीचं मक्याचं शेत. काठाचं एक कणीस दरवर्षी मुंगीचं.

यंदा मुंगी वर चढली. बघते तर काय! कणसात अळी. कुरुम कुरुम!

"अळी अळी, माझं कणीस सोड."

"नाही सोडत जा! एवढीशी तू, काय करशील?"

कुरुम कुरुम. दाण्यांची एक ओळ गेली.

मुंगी निघाली तुरुतुरु. तारेवर कोतवाल पक्षी बसला होता.

"कोतवालदादा, अळी कणीस सोडेना. तिला पकड ना!"

"मक्यात बसू कुठे? माझी काठीच नाही. काठी आली तर येईन."

कुरुम कुरुम. आणखी एक ओळ गेली.

मुंगी गेली तुरुतुरु. काठी होती ढोबळी मिरचीपाशी.

"काठीताई, अळी कणीस सोडेना, कोतवाल येईना. चल ना!"

"मावशीनं मला मक्यातून उपटलं, मिरचीला टेकू म्हणून लावलं. मिरची सोडेल तर येईन."

"मिरचीताई, अळी कणीस सोडेना, कोतवाल येईना, काठी सुटेना. सोड ना तिला!"

"अगं, अंगावर किती मिरच्या! मोडेन ना मी! मावशी तोडेल तर सोडेन."

कुरुम कुरुम. उशीर होईल का?

मुंगी पळाली तुरुतुरु.

"कौसामावशी, अळी कणीस सोडेना, कोतवाल येईना, काठी सुटेना, मिरची ऐकेना. मिरच्या तोड ना!"

"तोडून ठेवू कशात? टोपलीत कोंबडी बसलीय. हात लावला की चोच मारते, मेली! ती उठेल तर तोडेन."

"कोंबडीकाकू, अळी कणीस सोडेना, कोतवाल येईना, काठी सुटेना, मिरची ऐकेना, मावशी तोडेना. ऊठ ना!"

"पक् पक्! शेवटचं अंडं राहिलंय. पिल्लू येईल तर उठेन."

मुंगी अंड्यावर चढली.

"पिल्ला पिल्ला, अळी कणीस सोडेना, कोतवाल येईना, काठी सुटेना, मिरची ऐकेना, मावशी तोडेना, कोंबडी उठेना. बाहेर ये ना!"

आतून आवाज आला, "भीती वाटते."

तिकडे कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

"मलापण वाटते," मुंगी म्हणाली. "तू एकदाच टक् कर. मी इथेच आहे."

मुंगी अंड्यावरच बसून राहिली.

मग... टक्!

टक् टक् फट्! पिल्लू बाहेर!

कोंबडी उठली. मावशीनं मिरच्या तोडल्या. मिरची हलकी झाली. काठी सुटली. मावशीनं ती मक्यात रोवली, ठक् ठक्. भुर्रकन कोतवाल आला. काठीवर बसला. अळी आत पळाली. शेपूट राहिलं बाहेर.

गट्टम!

मुंगी कणसावर चढली. वर रिकामं. मध्ये रिकामं. बुडाशी... एक, दोन, तीन दाणे!

"अगं बाई, तीनच उरले?" मावशी म्हणाली.

"मावशी," मुंगी म्हणाली, "मला एकसुद्धा उचलवत नाहीये! हात लाव ना!"

दाणा गेला मुंगीच्या दारी, गोष्ट झाली पुरी सारी.